पिसांचे फूल आणि विद्यार्थ्याचे मन

संध्याकाळी एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहावरून गेलात, तर एक देखावा हमखास दिसतो. दोन बांबू, मध्ये जाळी, जाळी नसली तर साधी दोरी, आणि इकडून तिकडे उडणारे पिसांचे फूल. आपण म्हणतो, "पोरं वेळ घालवताहेत!" आज मला या वेळ घालवण्याचीच बाजू मांडायची आहे, आणि ती मांडायची तर आरंभ पुण्यापासून करायला हवा.

फूल हवेत टोलवत राहण्याचा खेळ तसा फार जुना. पण मध्ये जाळी बांधून, हद्द आखून तो खेळण्याचे नियम आकाराला आले ते १८७० नंतरच्या दशकात, पुण्याच्या लष्करी छावणीत. इंग्रज अधिकारी विरंगुळा म्हणून खेळत. म्हणून या खेळाला आरंभी 'पूना' असेच म्हणत! पुढे इंग्लंडातील एका उमरावाच्या वाड्यावरून बॅडमिंटन हे नाव रूढ झाले. म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी मन रमवण्यासाठी झाला.

आपल्या सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून ते हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली मलायातील सेलांगर स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पण तुम्ही म्हणाल, सगळेच काही नाटेकर होत नाहीत. अगदी खरं! मला बोलायचे आहे ते न होणाऱ्यांविषयीच.

आता मराठवाड्याकडे या. एके काळी इथल्या मुलाचे विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचे उस्मानिया. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शहर आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते आणि १९९४ पासून विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे. या दारांतून कितीतरी घरांतला पहिलाच शिकणारा मुलगा आत आला, पहिलीच मुलगी आली.

त्या मुलाच्या मनात काय चाललेले असते? गावी पाऊस नाही, फी भरायची आहे, वर्गात इंग्रजी समजत नाही, आणि बोलावे तर कुणाशी? अशा वेळी कुणी हाती रॅकेट देऊन म्हणतो, "ये रे, एक जण कमी आहे." तेवढ्याने दुष्काळ हटत नाही. पण फूल वेगाने येते, नजर त्यावर ठेवावी लागते. काळजीला तेवढा वेळ जागाच उरत नाही. अंगाला घाम येतो, श्वास मोकळा होतो, रात्री झोप लागते. शिवाय हा खेळ एकट्याने होत नाही. चुकलेल्या फटक्यावर दोघे हसले, की ओळख झालीच म्हणून समजा. बेताच्या व्यायामाने उदासपणा हलका होतो, हे आजच्या संशोधनातूनही दिसले आहे. मात्र हे औषध नव्हे. कुणी आठवडेच्या आठवडे खिन्न राहिला, जेवणखाण टाकले, तर त्याला डॉक्टरांकडेच न्यावे.

गुरुजी, बाई, शेवटची विनंती तुम्हांला. शाळेच्या अंगणात दोन बांबू रोवा. जिंकणाऱ्याची चिठ्ठी फळ्यावर लावू नका. ज्याला खेळता येत नाही, त्याला आधी बोलवा. उद्या तो शहरात शिकायला जाईल. त्या परक्या संध्याकाळी, "मला थोडं खेळता येतं," एवढे एक वाक्य जरी त्याच्यापाशी असले, तरी तो एकटा राहणार नाही.