तिसऱ्या रात्रीचं आश्वासन

रात्रीचे दोन वाजलेले. बाळ खांद्यावर गाढ झोपलंय असं वाटून आई त्याला अलगद खाली ठेवते आणि पाठ टेकताक्षणी ते पुन्हा टाहो फोडतं. ज्या घरात तान्हं मूल आहे, त्या घराला हा प्रसंग वेगळा सांगायला नको. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘त्याला आपलं आपण झोपायची सवय लावा. थोडं रडेल, पण शिकेल.’ त्यावर आईबाप विचारतात तो प्रश्न एकच असतो : किती दिवस? या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून जुनं छापील उत्तर आहे. आज त्या उत्तराची गोष्ट सांगतो.

ती सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. डॉ. एमेट होल्ट हे तिथल्या बालरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर. मुलं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांतून १८९४ साली त्यांचं ‘द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन’ हे प्रश्नोत्तरांचं छोटंसं पुस्तक झालं. त्या काळी शहरांत खराब दुधानं असंख्य बालकं दगावत. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला दुकानांत तयार सिरपं मिळत. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे त्यांतलं गाजलेलं नाव, आणि त्यात चक्क मॉर्फिन असे. औषधात असे पदार्थ असतील, तर ते बाटलीवर छापण्याची सक्ती अमेरिकेत व्हायला १९०६ साल उजाडलं. आपणही फार लांब नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया पाठीमागे मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत, याची नोंद १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत आहे. दहा तास पाळीवर उभ्या राहणाऱ्या त्या बाईला दोष देण्याआधी तिच्या घरी मूल सांभाळायला कोण होतं, हेही विचारायला हवं.

तर, होल्ट यांचा उपाय बिनऔषधी होता. मूल रात्री रडलं तर आधी उठून बघा. हातपाय गार आहेत का, लंगोट ओला आहे का? सगळं ठीक असून ते फक्त उचलून घेण्यासाठी रडत असेल, तर रडू द्या. किती? पहिल्या वेळी तासभर, क्वचित दोन-तीन तास. दुसऱ्या वेळी दहा-पंधरा मिनिटं. तिसरी वेळ बहुधा येतच नाही. या आकड्यांमागे कुठलंही मोजमाप पुस्तकात दिलेलं नाही. अनुभवी डॉक्टरचा शब्द, एवढाच त्याला आधार. पण तो शब्द पिढ्यान् पिढ्या चालला.

१९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं त्याला आणखी कडक केलं. मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यांचा उपदेश होता. पुढे १९३६ मध्ये त्यांनीच लिहून कबूल केलं, की हे पुस्तक लिहिण्याइतकं ज्ञान आपल्याजवळ नव्हतं. तोवर एका पिढीच्या आयांनी मात्र पाळण्यापाशी जाण्यापासून स्वतःला आवरलं होतं.

मग १९४६ साली आले डॉ. बेंजामिन स्पॉक. त्यांच्या आईनं होल्ट यांच्याच पुस्तकाबरहुकूम मुलं वाढवली होती. स्पॉक यांचा सूर अगदी उलटा. मुलाला जवळ घ्या, स्वतःवर विश्वास ठेवा, असं सांगणारा हा डॉक्टर. पण रोज रात्री झोपायलाच तयार नसणाऱ्या मुलाविषयी लिहिताना तेही म्हणतात, की पहिल्या रात्री ते वीस-तीस मिनिटं रडेल, दुसऱ्या रात्री दहा आणि तिसऱ्या रात्री बहुधा रडणारच नाही. स्वभावानं दोन टोकांचे दोन डॉक्टर, मधे पन्नास वर्षं, आणि आश्वासन तेच : तिसरी रात्र.

प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजलेली आणि छापून आलेली सुरुवातीची एक नोंद १९५९ ची आहे. विल्यम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ती प्रसिद्ध केली. मूल एकवीस महिन्यांचं होतं. पहिले दीड वर्ष ते बराच काळ आजारी, त्यामुळे साहजिकच त्याच्या उशाशी कायम कुणीतरी असे. आजार गेला, पण सवय राहिली. ते झोपेपर्यंत आईबापांपैकी कुणाला तरी अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत खोलीत बसून राहावं लागे. डॉक्टरांनी प्रकृती ठीक असल्याचं सांगितल्यावर घरच्यांनी ठरवलं, की त्याला निजवायचं, दार लावायचं आणि परत जायचं नाही. पहिल्या रात्री ते पंचेचाळीस मिनिटं रडलं. दुसऱ्या रात्री मुळीच नाही, बहुधा आदल्या दिवशीच्या थकव्यामुळे. मग पुन्हा थोडं थोडं. दहाव्या वेळी मात्र ते हसत निजलं.

गोष्ट इथं संपत नाही. आठवड्याभरानं त्याला निजवायची पाळी घरातल्या दुसऱ्या बाईंची होती. त्या मावशी होत्या की आत्या, हे इंग्रजी शब्दावरून कळायला मार्ग नाही. मूल रडलं, बाईंना राहवलं नाही, त्या परत आत गेल्या आणि ते झोपेपर्यंत बसल्या. झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि या खेपेला पहिल्या रात्रीचं रडणं आधीपेक्षा लांबलं. रडणं थांबायला पुन्हा नऊ वेळा लागल्या. त्यानंतर दोन वर्षं तक्रार आली नाही. मावशीला किंवा आत्याला हसू नये. तिनं केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. पण तीन रात्रींचं आश्वासन घरोघर का फसतं, ते या नोंदीवरून समजतं. शिकायचं एकट्या मुलाला नसतं, सगळ्या घराला असतं.

दार पूर्ण बंद न ठेवण्याची वाट १९८५ साली लोकप्रिय केली ती बोस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी. त्यांच्या पुस्तकात मिनिटांचं कोष्टकच आहे. ठरलेली मिनिटं थांबायचं, मग आत जाऊन धीर द्यायचा, पण उचलायचं नाही, आणि दर खेपेला थांबण्याचा वेळ वाढवायचा. २००६ च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या रात्रीचे टप्पे तीन, पाच आणि दहा मिनिटांचे आहेत. फरक पडायला काही दिवस ते आठवडा.

त्याच २००६ साली अमेरिकेत बावन्न अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांत सुधारणा दिसली. म्हणजे जुन्या डॉक्टरांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पण रडणं थांबलं म्हणजे मुलाचा ताण गेला का? न्यूझीलंडमध्ये पंचवीस बाळांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं, तेव्हा तिसऱ्या रात्री रडणं थांबलं होतं, संप्रेरक मात्र उतरलं नव्हतं. हा निष्कर्ष २०१२ चा. त्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्रेचाळीस बाळांवर झालेल्या अभ्यासात ताण वाढल्याचं दिसलं नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत, एवढं ध्यानात ठेवावं.

मला महत्त्वाचे वाटतात ते मेलबर्नचे दोन अभ्यास. २००२ मध्ये तिथं सहा ते बारा महिन्यांच्या मुलांच्या १५६ आयांना अभ्यासात घेतलं. ज्यांना ही पद्धत शिकवली, त्यांच्यात दोन महिन्यांनी झोपेच्या तक्रारी कमी झाल्या आणि आईच्या नैराश्याची लक्षणंही उतरली. पुढे ३२६ मुलांच्या दुसऱ्या अभ्यासातली मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. तो निष्कर्ष २०१२ साली आला. सवय लावलेली आणि न लावलेली मुलं झोपेत, स्वभावात, आईशी असलेल्या नात्यात सारखीच निघाली. तोटा नाही, आणि दूरचा फायदाही नाही.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. आपलं आपण झोपायला शिकवणं हे मुलाचं भविष्य घडवणं नव्हे. ती आजच्या रात्रीची सोय आहे. मुळात रात्री जाग सगळ्याच बाळांना येते. पहिल्या काही महिन्यांत तर भूक लागते आणि दिवस-रात्रीचं भानही पुरतं आलेलं नसतं. तेव्हा हा प्रयोग करूच नये. सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांना विचारून, घरातल्या सगळ्यांचं एकमत करून केला तर आठवडा ते पंधरवडा धरावा. आजारपण किंवा प्रवास झाला तर थोडी उजळणी लागेल.

आणि आपल्याकडच्या अनेक घरांतल्याप्रमाणे मूल झोळीत निजत असेल, आजी हलवत असेल आणि आईला चार तास झोप मिळत असेल, तर काहीच करायला नको. सहाव्या वर्षी कुणाला फरक ओळखू येणार नाही. पण ज्या घरात आजी नाही, झोळी हलवायला दुसरा हात नाही आणि आईच्या डोळ्यांखाली काळं आलंय, तिथं तिनं हा मार्ग धरला तर तिला निष्ठुर म्हणू नका. जमलं तर आज रात्री दोन वाजता तिच्याऐवजी तुम्ही उठा.