पट्टी आधी, तार नंतर

मिरजेत तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पट्टी सांगावी लागते. पेटीची काळी एक की काळी चार? दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी त्या उत्तरावर ठरते. बारीक तार लावायची की जाड, हा आवडीनिवडीचा मामला वाटतो खरा, पण मिरजेच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या धंद्यात त्याचा निकाल गळा, लांबी आणि ताण यांनीच लावला आहे.

या धंद्याचे मूळपुरुष फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. संस्थानी लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे हात सतार-तंबोऱ्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांमुळे गाणारे मिरजेत येत होतेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच शिकले. कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येत आणि गवई दारातच असत. त्यामुळे वाद्यातलं उणं-अधिक कारागिराला लगेच कळे.

तंबोऱ्याला तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, चौथी खर्जाची. काळी चारच्या जनानी तंबोऱ्यात जोडाची तार सेकंदाला सुमारे २०८ कंपनं करते, काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्यात सुमारे १३९. लांबी आणि ताण तोच ठेवला, तर मर्दानी तंबोऱ्याला दीडपट जाड तार लागेल. म्हणून मर्दानी तंबोऱ्याची दांडीही लांब करतात; थोडं काम लांबी करते, उरलेलं जाडी.

खर्जाला मात्र पोलाद सोडून पितळ किंवा कांसं वापरायची रीत आहे. हे धातू पोलादापेक्षा थोडे जड असल्यामुळे तार जरा कमी जाड चालते, आणि मऊ असल्यामुळे ती कमी ताठ राहते. जाड तारेची अडचण अशी की ती ताठ असते. ताठपणामुळे तिचे वरचे स्वरांश किंचित चढे लागतात आणि आवाज गढूळ होतो. बारीक तार लवचिक असते, तिचे स्वरांश स्वच्छ निघतात. पण ती गरजेपेक्षा बारीक झाली की ढिली पडते, आणि घोडीवर जवारी बसत नाही. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो हलका उतार आणि तारेखाली सरकवलेलं सूत. तंबोऱ्याचा झंकार तिथून उठतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याच रचनेवर लिहिलं होतं.

मिरजेत स्थायिक झालेले गवई अब्दुल करीम खाँ उंच पट्टीत गात. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेतलाच, १९०५ चा. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी त्या एक. बायकांचं गाणं व्यासपीठावर आलं, तसं जनानी तंबोरा आणि त्याच्या बारीक तारांनाही तिथे जागा मिळाली.

मैफलीबाहेरही हाच हिशोब चालतो. लोधिवलीपासून कर्जतपर्यंतच्या गावांत हरिनाम सप्ताह बसला की विणेकरी पहाऱ्यापहाऱ्याने वीणा गळ्यात घेतात. सप्ताह उठेपर्यंत ती खाली ठेवायची नसते. कुणी तारेचा नंबर विचारत नाही. पण भजनाची पट्टी उंच असली की खुंट्या पिळल्या जातात, आणि पावसाळी हवेत गंजलेली पोलादी तार आधी तुटते.

पश्चिमेतल्या बास गिटारवाल्यांना हेच कोडं दुसऱ्या टोकाने पडलं. लिओ फेंडर यांनी १९५१ साली आणलेल्या बासची तार ३४ इंच लांब. सगळ्यात बारीक मोकळी तार ९८ कंपनांची. काळी चारच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ चा. म्हणजे जनानी तंबोरा जिथे थांबतो, जवळपास तिथून बासच्या मोकळ्या तारा खाली उतरू लागतात. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी सहा तारांचा बास घडवला. अशा बासवर खालची तार ३१ कंपनांपर्यंत उतरते. पोलादी गाभ्यावर तार गुंडाळूनही तिची जाडी तीन मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून काही वादक हलका संच निवडतात: ताण घटतो, स्वरांश मोकळे होतात, मात्र जोरात छेडलं की तार पडद्यांवर खडखडते. जो आवाज तंबोऱ्यात घोडी घासून मुद्दाम आणतात, तो बासवाल्याला नको असतो.

बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला आणि पट्टी बदलणं बटणावर आलं. लाकडी तंबोऱ्याचा हिशोब त्याने बदललेला नाही. काळी एकचा तंबोरा त्याच तारांवर काळी चारला चढवला, तर ताण सव्वादोनपट होतो आणि घोडीखालच्या तबलीवरचा दाबही त्याच पटीत वाढतो. मग बारीक तारांचा संच आणायचा, आणि घोडी जवारीसाठी कारागिराकडे द्यायची.