तारांकित धुराड्यांची कुळकथा

एखाद्या कारखान्याने भोवतालच्या हवापाण्याशी सचोटीने वर्तन केले म्हणून सरकारने त्याचा जाहीर सन्मान करावा, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. लोकोपयोगी उद्यमास उत्तेजन देण्याची रीत मात्र आपल्याकडे पुरातन आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्यास शिवकालापासून कौल मिळे, आणि आरंभीची काही वर्षे साऱ्यात सूट देऊन तो पुढे क्रमाक्रमाने चढवीत नेणाऱ्या इस्ताव्याने त्याच्या श्रमाची कदर होई. परंतु ती कदर काही निर्माण केल्याबद्दलची होती. काही न बिघडवल्याबद्दल बक्षीस द्यावे, असे मनात येण्याचे त्या काळी कारणच नव्हते.

महाराष्ट्रात त्या कारणाची सरकारदरबारी दखल घेतली गेली ती प्रथम पाण्यामुळे. जलप्रदूषणास प्रतिबंध करणारा कायदा या राज्याने १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या पाच वर्षे आधी केला, आणि त्यान्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रणाचे मंडळ अस्तित्वात आले. हवेचा कारभार त्याच्याकडे आला तो १९८१ च्या केंद्रीय कायद्यानंतर. पाणी हे या घराण्यातले थोरले अपत्य. पुढे मानाचा तारा उगवला, तो मात्र धाकट्याच्या दारी.

ताऱ्यांच्या आधी रंग आले. डेहराडूनच्या परिसरात चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले, त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १ फेब्रुवारी १९८९ च्या अधिसूचनेने त्या खोऱ्यापुरती उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी विभागणी झाली. तीच पुढे देशभर रूढ झाली. २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला गुणांकांचा पाया दिला, तेव्हा साठ व त्याहून अधिक गुणांचा धंदा लाल ठरला आणि वीसपर्यंतच्या निरुपद्रवी धंद्यांसाठी पांढरा रंग नव्याने आला. परंतु हे रंग धंद्याच्या उपद्रवक्षमतेचे आहेत, कारखानदाराच्या वर्तनाचे नव्हेत. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे औषधी रसायने बनविणारा कारखाना कितीही नेकीने चालो, तो लालच राहावयाचा. आणि शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या वसाहतीत नुसते सुटे भाग जुळविणारा एखादा कारखाना कितीही बेफिकीर असो, त्याचा सौम्य रंग त्याला सोडून जात नाही. जन्मावरून मान ठरविण्याची आपली जुनी खोड कारखान्यांच्या नशिबीही आली, असे कोणी म्हटल्यास त्याचा फारसा प्रतिवाद करता येणार नाही.

वर्तनावरून रंग देण्याची युक्ती इंडोनेशियाची. तेथे कायदा होता, पण अंमल दुबळा होता. म्हणून १९९५ साली तेथील सरकारने सोनेरी, हिरवा, निळा, तांबडा आणि काळा अशा पाच रंगांत कारखान्यांची प्रतवारी केली. पहिल्या १८७ कारखान्यांत सोनेरी एकही निघाला नाही. हिरवे पाच, निळे एकसष्ट, तांबडे एकशे पंधरा, काळे सहा. या योजनेतील मुत्सद्देगिरी अशी, की जून महिन्यात केवळ त्या पाच हिरव्यांची नावे समारंभपूर्वक जाहीर झाली आणि उरलेल्यांना त्यांचा रंग खाजगीत कळवून डिसेंबरपर्यंत मुदत दिली गेली. आधी स्तुती, मग अब्रूचा धाक. डिसेंबरात यादी जाहीर झाली तेव्हा काळ्यांची संख्या निम्म्यावर आली होती. एक हिरवा मात्र कमी झाला होता, म्हणजे मान कायमचा नव्हता.

पण मानाचा पाया असलेले माप तरी खरे असावे लागते, आणि हा धडा मिळाला आपल्या शेजारच्या गुजरातेत. अहमदाबाद व सुरत येथील कारखाने आपला प्रदूषण-तपासनीस स्वतः निवडीत आणि त्याचे वेतनही स्वतःच देत. परिणामी, एका घनमीटरमागे दीडशे मिलिग्रॅम धूलिकणांची जी मर्यादा होती, तिच्या नेमक्या खाली नोंदींची दाटी होई. एस्तेर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तपासनीसांची नेमणूक चिठ्ठ्या टाकल्यासारखी करविली, वेतन सामायिक निधीतून देवविले आणि काही तपासण्यांची फेरतपासणी ठेवली. तेव्हा नोंदी खऱ्या होऊ लागल्या, आणि गंमत अशी की कारखान्यांचा धूरही घटला. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. याच विद्वन्मंडळींपैकी काहींच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या मंडळाने ५ जून २०१७ रोजी आपली तारांकन योजना जाहीर केली: धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे, आणि ते कोणासही पाहता येतील असे. पुढच्याच वर्षी ओडिशाने तिचे अनुकरण केले.

योजना चांगली आहे, यात मला शंका नाही. पण शिरूर-दौंडच्या नकाशावर ती ठेवून पाहिली म्हणजे तिचे अपुरेपण उघडे पडते. पुण्याचे मैलापाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा या दोन तालुक्यांच्या सीमेवरच भीमेला मिळते, खाली घोडनदी येऊन मिळते, आणि पुढे हे सारे पाणी दौंडावरून उजनीच्या जलाशयात जाते. कुरकुंभच्या परिसरातील गावकऱ्यांच्या जुन्या तक्रारीही प्रामुख्याने विहिरी आणि ओढ्यांच्याच. तेथील एखाद्या कारखान्याच्या धुराड्यास पाच तारे लाभले, तरी त्याच्या सांडपाण्याविषयी ते तारे अवाक्षर बोलत नाहीत. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने पंचमहाभूतांत जलाला स्थान दिले खरे, परंतु तेथे स्पर्धेत उतरतात त्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती. कारखानदार त्या गुणपत्रिकेबाहेरच राहतो.

सांडपाण्यालाही असे तारे द्यावयाचे तर आकड्यांची अडचण आहे, असेही म्हणता येत नाही. औषधनिर्मिती, साखर, मद्यार्क यांसह सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांनी सांडपाण्याच्या व धुराच्या तोंडाशी अखंड मापन करणारी यंत्रे बसवावीत, असा हुकूम केंद्रीय मंडळाने २०१४ सालीच काढलेला आहे, आणि त्यांच्या नोंदी मंडळांच्या संगणकांत रात्रंदिवस जमा होत असतात. गुजरातचा धडा स्मरून त्या नोंदींची फेरतपासणी ठेवावी, आणि पाण्याच्या ताऱ्यांची पहिली यादी कुरकुंभच्या सांडपाण्यावरून करावी.