वर्दीच्या आतलं मन
(जोखमीच्या नोकरीतील मनाच्या शिक्षणाचा इतिहास)



आपल्या वस्तीत असे घर क्वचितच सापडेल, की ज्या घरातले कोणी ना कोणी जोखमीच्या नोकरीत नाही. कुणी पोलिसात आहे, कुणी अग्निशामक दलात, कुणी रेल्वेत, कुणी इस्पितळाच्या अपघात विभागात, तर कुणी गटार सफाईच्या कामावर. माणूस ड्युटीवरून घरी येतो, बूट काढतो, पण डोक्यातली ड्युटी काही उतरत नाही. मग ती ताटावर निघते, बायकोपोरांवर निघते, नाहीतर बाटलीत बुडते. यावर उपाय म्हणून हल्ली ‘मनाचे प्रशिक्षण’ सांगितले जाते. हे प्रशिक्षण आलं कुठून, कुणी कुणाला दिलं आणि त्याची मर्यादा कोणती, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

याचे मूळ तथागतांच्या सतिपट्ठान सुत्तात आहे. हे सुत्त मज्झिम निकायात आहे आणि त्याचेच विस्तृत रूप दीघ निकायात आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी जागरूक राहून पाहत राहायचे, हा त्याचा गाभा. उपदेश भिक्खूंना उद्देशून होता. मग तो नोकरदार माणसाच्या हाती कसा आला? त्याचा एक महत्त्वाचा धागा ब्रह्मदेशात सापडतो.

सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे रंगूनच्या महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून लागले. १९३७ साली त्यांनी सया थेत जी यांच्याकडे विपश्यना शिकली. सया थेत जी हे चीवरधारी नव्हेत, शेती करणारे गृहस्थ होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० साली त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यना मंडळ काढले. १९५२ साली रंगूनला ध्यानकेंद्र उभे केले. एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांचा भार वाहणारा हा अधिकारी. साधना करायला नोकरी सोडून जंगलात जावे लागत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे व्यापारी. डोकेदुखीने इतके बेजार, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ साली भारतात आले आणि त्यांचे पहिले शिबिर त्याच वर्षी जुलैत आपल्या मुंबईतच झाले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली.

ही विद्या वर्दीपर्यंत पोहोचली ती राजस्थानात. तिथले गृहसचिव राम सिंह यांनी स्वतः शिबिर केले आणि १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठी शिबिर ठेवले. काही कैदी बेड्यांसह आणले गेले. बेड्या घातलेल्या माणसाला धम्म शिकवणार नाही, असा आग्रह गोयंका गुरुजींनी धरला आणि बेड्या काढण्यात आल्या. ही हकीकत गुरुजी स्वतः सांगत असत. पुढच्याच वर्षी जयपूरच्या पोलीस अकादमीत पोलिसांसाठी शिबिर झाले. म्हणजे बघा, कैदी आणि पोलीस दोघांनाही एकच विद्या! कारण क्रोध आणि भीती वर्दी बघून येत नाहीत.

मे १९९३ मध्ये किरण बेदी दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या महानिरीक्षक झाल्या. त्याच वर्षी तिथे विपश्यना सुरू झाली. एप्रिल १९९४ मध्ये एका शिबिरात हजाराहून जास्त कैदी बसले आणि त्यानंतर तुरुंगातच कायमचे केंद्र झाले. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनाही शिबिरे देण्यात आली, हे फारसे सांगितले जात नाही. खरे तर रोज शिवीगाळ, मारामारी, जागरण सोसणाऱ्या शिपायालाही त्याची तेवढीच गरज होती.

आता प्रश्न असा, की नुसते बसून होते काय? संकट दिसले की शरीर आपोआप तयार होते. छाती धडधडते, श्वास तोकडा होतो, हाताला घाम फुटतो. हे वाईट नव्हे. आगीत शिरणाऱ्या जवानाला ते कामाचेच आहे. पण आग विझल्यावरही शरीर तसेच ताठ राहिले, तर माणूस आतून झिजतो. साधनेत आधी श्वास जाणायचा, मग अंगावरच्या वेदना ओळखायच्या. राग तोंडातून बाहेर पडण्याआधी तो अंगात उठतो, हे एकदा कळले, की हात उगारण्याआधी क्षणभर सवड मिळते. त्या क्षणासाठी सगळा खटाटोप!

पुढे परदेशातही यावर प्रयोग झाले. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात तणावमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे एलिझाबेथ स्टॅन्ली या माजी सैन्य अधिकारी बाईंनी सैनिकांसाठी आठ आठवड्यांचे शिक्षण तयार केले. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अमिशी झा यांनी मोहिमेवर निघालेल्या मरीन सैनिकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी रोज सराव केला त्यांची कामापुरती स्मरणशक्ती टिकली. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांची घसरली. सांगायचा मुद्दा, नुसते व्याख्यान ऐकून उपयोग नाही, रोज बसावे लागते.

पण इथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. शांत मन कशासाठी? नेम चुकू नये म्हणून? संयुत्त निकायात एक योद्धा तथागतांना विचारतो, की रणात लढता लढता मरणारा स्वर्गात जातो ना? तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ती समजूत चुकीची असल्याचे सांगतात. म्हणून शील सोडून केलेली समाधी ही आपली समाधी नव्हे. शांत मनाने लाठी चालवणे आणि शांत मनाने लाठी आवरणे, यात फरक आहे.

दुसरी मर्यादा त्याहून जवळची. प्रज्ञा आणि शीलाबरोबर करुणाही हवी, आणि करुणा म्हणजे नुसता कळवळा नव्हे. परमपूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. कामगारांना त्यांनी ‘सहन करायला शिका’ असे सांगितले नाही. १९४४ साली खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. विषारी वायूच्या गटारात विनासाधन उतरवलेल्या माणसाला आनापान शिकवणे, ही त्याची क्रूर थट्टा आहे. त्याला हवे असते यंत्र. २०१३ च्या कायद्याने असे विनासाधन उतरवणे गुन्हा ठरवले आहे. गटारात मृत्यू झाल्यास दहा लाख भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. हे आकडे घरोघरी पाठ असावेत.

तेव्हा दोन्ही हात चालू द्या. एका हाताने रजा, विश्रांती, साधने आणि नुकसानभरपाई मागायची. दुसऱ्या हाताने मनाची मशागत करायची. ज्याला रात्री झोपच येत नाही, जुने प्रसंग सारखे डोळ्यांपुढे येतात, जीव नकोसा होतो, त्याने आधी डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. डोक्याचा डॉक्टर म्हटले की लाजायचे, ही जुनी खोड आता सोडली पाहिजे.

आणि घरच्यांनीही एक करावे. ड्युटीवरून आलेल्या माणसाला दारातच पगाराचा, भांडणाचा हिशेब विचारू नये. त्याला पाणी द्यावे, दहा मिनिटे शांत बसू द्यावे. विहार दूर असेल, पण श्वास सोबतच असतो.

जय भीम! नमो बुद्धाय!