बँकेची एक चिठ्ठी

‘स्कॅम १९९२’ ही हन्सल मेहता यांची दहा भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि घराघरांत पुन्हा हर्षद मेहता अवतरला. प्रतीक गांधी या नटाने तो असा रंगवला, की त्याचा राग येता येता कौतुकच वाटू लागावे. मालिकेचे संगीत तर कित्येकांच्या मोबाइलवर वाजू लागले. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर ती बेतलेली आहे, त्यामुळे तपशिलाला पक्की आहे. तरी पाहून उठल्यावर डोळ्यांसमोर राहते ती हर्षदची लेक्सस गाडी. ज्या कागदाने हे घडवले, तो विसरायला होतो. त्याचे नाव बँक रिसीट.

त्या काळी बँकांना शंभर रुपयांच्या ठेवींमागे साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत आणि तत्सम ठिकाणी ठेवावे लागत. एखाद्या बँकेला पैशाची निकड लागली, की ती रोखे दुसरीला विकायची आणि पंधरा दिवसांनी ठरल्या भावाने परत घ्यायची. म्हणजे उसनवारीच. रोख्यांच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत हाताने वह्यांत व्हायच्या, त्याला वेळ लागे. मग रोख्यांऐवजी बँक नुसती पावती देई : ‘तुमचे रोखे आमच्याकडे आहेत.’ वाण्याची चिठ्ठीच म्हणा ना!

व्यवहार जुळवायला मध्ये दलाल असे. धनादेश बँकेच्या नावाचा, पण रक्कम जमा व्हायची दलालाच्या खात्यात. बँकांनी ही मुभा दिली, कारण त्यांनाही जास्त व्याज हवे होते. हाव काही एकट्या हर्षदची नव्हती. हा पैसा दलाल स्ट्रीटवर आला. एसीसीचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला, २२ एप्रिल १९९२ रोजी निर्देशांक ४,४६७वर पोहोचला आणि ज्यांनी कधी ताळेबंद वाचला नव्हता, तेही शेअर घेऊ लागले.

दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेने एका बड्या दलालाकडे सुमारे पाचशे कोटींचा हिशेब मागितला होता. पुढे रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या पुढे नेला.

या चौकशीतच आपल्या कराडचे नाव आले. मागे रोखेच नसतील, तर पावती लिहायला मोठी बँक कशाला हवी? बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन लहान बँकांनी दलालांसाठी कोट्यवधींच्या पोकळ पावत्या दिल्या होत्या. त्यांच्या कुवतीच्या कितीतरी पट. बड्या परदेशी बँकांनीही त्या डोळे झाकून घेतल्या, याचे मला अजून नवल वाटते.

१९९२ सालीच बँक ऑफ कराड दिवाळखोरीत निघाली. तिच्या ठेवीदारांपैकी अनेकांनी बहुधा जन्मात एकही शेअर घेतला नसेल. १९९४ साली बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली.