अंगणातला ट्रॅक्टर आणि स्नो थ्रोअर

फिरत्या पात्यांनी बर्फ उचलून लांब फेकायची कल्पना मूळची रेल्वेची. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी 1869 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, पण ते कागदावरच राहिले. ऑन्टारियोमधल्या ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल यांनी त्यात सुधारणा केल्या आणि 1883-84 च्या हिवाळ्यात त्याची रुळांवर चाचणी झाली. रस्त्यावर असे यंत्र यायला पुढे चाळीस वर्षे गेली. क्विबेकचे आर्थर सिकार्ड हे दूधदुभत्याचा व्यवसाय करणारे शेतकरी. मळणीयंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली. 1925 साली त्यांनी ट्रकवर बसवलेले यंत्र तयार केले आणि दोन वर्षांनी मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमों गावाने ते विकत घेतले.

घराच्या दारापर्यंत हे यंत्र आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतल्या नव्या उपनगरांत प्रत्येक घराला गॅरेज असे आणि गॅरेजपासून रस्त्यापर्यंत स्वतःची वाट. नगरपालिकेचा नांगर रस्ता मोकळा करी आणि जाताजाता त्या वाटेच्या तोंडावर घट्ट दाबलेल्या बर्फाचा बांध घालून जाई. तो फोडण्याचे काम घरमालकाचे. टोरो कंपनीने 1951 साली आणि विस्कॉन्सिनच्या एरियन्सने 1960 साली मागून ढकलत चालवायची यंत्रे बाजारात आणली.

त्याच सुमारास बागेच्या लहान ट्रॅक्टरांनाही बरे दिवस आले. इंडियानातल्या साउथ बेंडची व्हील हॉर्स कंपनी 1946 पासून या धंद्यात होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट 1961 साली आला आणि जॉन डिअरचा 110 त्यानंतर दोन वर्षांनी. पहिल्या कब कॅडेटला कोहलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे, बिडाच्या ब्लॉकचे एकाच सिलिंडरचे इंजिन होते. मागच्या गिअरपेटीचे भाग फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरशी मिळतेजुळते होते. बागकामाच्या मानाने ही बांधणी जरा जास्तच दणकट, आणि यातली कित्येक यंत्रे आजही चालतात ती त्यामुळेच. गवत कापण्याचे दिवस सरले की एवढा महाग ट्रॅक्टर चार-पाच महिने झाकून ठेवायचा, हे गिऱ्हाइकाला पटणे अवघड होते. म्हणून उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचे डेक आणि हिवाळ्यात पुढे स्नो थ्रोअर, अशी जोडी विकली जाऊ लागली.

या ट्रॅक्टरांवरचे जुने स्नो थ्रोअर बहुधा एकटप्पी असतात. साधारण तीन-साडेतीन फूट रुंदीच्या पत्र्याच्या पेटीत आडवे मळसूत्र फिरते. त्याच्या दोन्ही बाजूंचे आटे उलटसुलट असल्याने बर्फ मध्याकडे सरकतो आणि तिथली पाती तो वरच्या नळीतून बाहेर भिरकावतात. दुटप्पी यंत्रात फेकण्यासाठी मागे वेगळा पंखा असतो, इथे दोन्ही कामे एकाच मळसूत्राकडे. त्यामुळे फिरण्याचा वेग उतरला की नळी तुंबते, आणि खरी अडचण तिथेच आहे. इंजिन पूर्ण वेगात ठेवायचे, पण ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चालवायचा. तीन गिअरांच्या ट्रॅक्टरला तर पहिला गिअरही दाट बर्फात वेगवान ठरतो. क्लच दाबत-सोडत पुढे जावे लागते. यासाठी कब कॅडेटला अतिमंद गतीचा जास्तीचा गिअर बसवून मिळे. पुढे आलेल्या हायड्रोस्टॅटिक गाड्यांत इंजिनाचा वेग न बदलता चाल हवी तेवढी कमी करता येते, म्हणून बर्फासाठी जाणकार त्याच शोधतात.

असे यंत्र दुरुस्तीला घेतले की गंजाचा माग खालून वर काढत जावे. जमिनीवर घासणारी पट्टी आणि दोन्ही टोकांचे घसरते जोडे आधी झिजतात. ते वेळीच बदलले नाहीत तर पेटीचा पत्राच झिजायला लागतो. मळसूत्राच्या टोकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून ती जाम होतात. हातोड्याने ठोकण्याआधी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, नाहीतर दांडा वाकतो. मळसूत्र फिरवणारी साखळी ताणून पाहावी, इंजिनाकडून येणाऱ्या पट्ट्याला भेगा आहेत का ते बघावे. शिअर बोल्ट असलेल्या यंत्रात तो जागेवर मूळचाच आहे का, हे तपासायला विसरू नये. दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्र अडकले की तुटण्यासाठीच हा मऊ बोल्ट असतो. सारखा तुटतो म्हणून कुणीतरी तिथे कडक बोल्ट ठोकलेला असेल, तर पुढचा धक्का गिअर किंवा साखळीचे चक्र खाते. रंगकाम शेवटी, आणि पेटीच्या आतल्या बाजूला गुळगुळीत रंगावर मेणाचा हात द्यावा. शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ खरबरीत पत्र्याला चिकटतो आणि तिथूनच तुंबणे सुरू होते.

वजनाशिवाय हा ट्रॅक्टर बर्फात जागीच चाके फिरवतो. पुढे लोखंडाची जड पेटी लटकल्याने मागची चाके हलकी होतात. म्हणून मागच्या चाकांवर बिडाची वजने आणि टायरला साखळ्या लावतात. जुने लोक टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे द्रावणही भरत, पण ट्यूब गळली की ते रिम खाऊन टाकते. काम करताना नळीचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे आणि पडलेला बर्फ पुन्हा उचलावा लागणार नाही, अशा बेताने फेऱ्या आखाव्यात. वाटेच्या तोंडावरचा बांध मात्र एका दमात निघत नाही, तो थोडाथोडा, अर्ध्या रुंदीने खावा लागतो.

नळी तुंबली की हात घालण्याचा मोह होतो, आणि बोटे जातात ती बहुधा अशाच वेळी. इंजिन बंद असले तरी ताणलेल्या पट्ट्यात जोर शिल्लक राहू शकतो. अडकलेला गोळा निघताच मळसूत्र झटका देते. पूर्वीच्या कित्येक ट्रॅक्टरांना आसनाखालचा सुरक्षा-स्विच नसे, त्यामुळे चालक उतरला तरी मळसूत्र फिरत राही. इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, काठीनेच बर्फ मोकळा करायचा.

काम संपल्यावर यंत्र मिनिटभर रिकामे फिरवले, तर आतला बर्फ झडून जातो. तो राहिला तर रात्रीत गोठतो आणि सकाळी पट्टा घसरून जळतो. हंगाम सरताना टाकीतले पेट्रोल काढून कार्ब्युरेटर कोरडा करतात, बेअरिंगला ग्रीस देतात आणि पेटी उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. मग पट्टा बदलून गवताचे डेक पुन्हा पोटाखाली चढते.