‘गेज’ : एका शब्दाचीं अनेक मापें

गोंदियाच्या स्थानकांत एके काळीं दोन मापांचे रूळ जवळजवळ पसरलेले असत. एकावरून मुंबई-हावडा मार्गाची मोठी गाडी धांवे, तर दुसऱ्यावरून सातपुड्याच्या रानांतून जबलपूरकडे चिमुकली गाडी निघे. सरकारी कागदांत या भेदाला ‘गेज’ हा इंग्रजी शब्द होता. लोक ‘मोठी लाइन’ आणि ‘छोटी लाइन’ म्हणत आणि त्यांचें काम भागे.

हा ‘गेज’ शब्द मोठा बहुरूपी आहे. जुन्या इंग्लंडांत दारूच्या पिंपांत किती द्रव मावतें हें मोजणारा जकातीचा अंमलदार ‘गेजर’ म्हणून ओळखला जाई. पुढें ज्याला कांहीं मोजावयाचें, त्यानें हा शब्द उचलला. पावसाचें पाणी मोजणारें नळकांडें गेज, एंजिनांतील वाफेचा दाब दाखविणारी कांट्याची तबकडीहि गेजच. तारेच्या व्यापाऱ्याकडे तो आंकडा झाला, आणि गंमत अशी कीं, आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक! रुळांची देखभाल करणारा कामगार ज्या लोखंडी पट्टीनें दोन रुळांच्या आंतल्या कडांमधील अंतर तपासतो, ती पट्टीहि गेज आणि तें अंतरहि गेज. साधनाचें नांव मापाला चिकटलें तें असें.

या अंतरावर सबंध मुलुखाची सोय-गैरसोय अवलंबून असे. डलहौसीच्या काळीं हिंदुस्थानांत साडेपांच फुटांचें माप ठरलें. १८७० च्या सुमारास काटकसरीसाठीं मीटरचें माप आलें. नागपूर-छत्तीसगड रेल्वे प्रथम त्याच मापानें बांधली गेली व १८८२ पर्यंत राजनांदगांवला पोंचली. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिनें तो मार्ग रुंद केला. १९०३ ते १९०५ या काळांत खुला झालेला गोंदिया-जबलपूर मार्ग मात्र अवघा अडीच फुटांचा होता. डोंगराळ प्रदेशांत अरुंद मार्गाला तीव्र वळणें घेतां येतात, पूल व भराव लहान पुरतात, खर्च वांचतो.

परंतु वांचलेला खर्च कोणाच्या तरी पाठीवर पडतोच. छोट्या लाइनीचा डबा मोठीवर चालत नसे. म्हणून माल एका डब्यांतून दुसऱ्यांत हमालांच्या पाठीवरून न्यावा लागे. वेळ जाई, खर्च वाढे. तरीहि ज्या जंक्शनामुळें ही अडचण आली, त्याच जंक्शनानें गोंदियाच्या तांदुळाच्या आणि विडीच्या पेठेला हात दिला.

गोंदिया ते बालाघाट हा तुकडा आधींच रुंद झाला होता. बालाघाटच्या पुढची छोटी गाडी २०१५ सालीं थांबली. आतां जबलपूरपर्यंत मोठीच लाइन आहे. छोटीचीं एंजिनें व डबे नागपूरच्या मोतीबागेंतील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. मराठीनें दिलेले ‘रुंदमापी’ व ‘अरुंदमापी’ हे शब्द मात्र साधनाला बाजूस सारून थेट मापावरच बोट ठेवतात. इंग्रजी शब्दानें जो अर्थ पिंपापासून रुळापर्यंत फिरून मिळविला, तो मराठींत पहिल्याच उच्चारांत स्पष्ट होतो.